सिकलसेल, थॅलेसेमियासाठी क्रिस्पर : कोल्हापुरातल्या लॅबमध्ये कुठपर्यंत जाता येतं?

उजळाईवाडीकर (धागाकर्ता)

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबीनं सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरचं देशी क्रिस्पर (ठरवलेल्या जागी डीएनए कापून जनुक बदलणारं) तंत्र ‘बिरसा १०१’ जाहीर केलं. तेव्हापासून इथल्या बायोटेकच्या पोरांचा एकच सवाल चालू आहे : कोल्हापुरात हे होईल का? एका ओळीत उत्तर देता येत नाही, म्हणून धागा.

रुग्णाला द्यायचं औषध बनवायचं तर जीएमपी (औषधनिर्मितीच्या दर्जाची) सुविधा, ॲफेरेसिस मशीन (रक्तातून हव्या त्या पेशी वेगळ्या काढणारं) आणि मूळपेशी प्रत्यारोपण करणारं युनिट लागतं. तो कारभार सध्या बाजूला ठेवू. साध्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये चार कामं होऊ शकतात : गाइड (कुठं कापायचं ते दाखवणारा आरएनए) निवडणं, कॅस-९ (प्रत्यक्ष कापणारं प्रथिन) पेशीत पोचवणं, काप किती बसला ते मोजणं आणि भलतीकडे बसला का ते शोधणं. माझं स्पष्ट मत असं की पहिली दोन कामं कुणालाही शिकता येतात. लोक आपटतात ते तिसऱ्या-चौथ्यात, आणि प्रबंधात नेमकं तिथंच एक जेलचा फोटो चिकटवून मोकळे होतात.

आधी लक्ष्य समजून घ्या. सिकलसेलमध्ये ११व्या गुणसूत्रावरच्या एचबीबी (बीटा ग्लोबिन) जनुकात एकच अक्षर बदललेलं असतं. जीएजीचं जीटीजी होतं आणि ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन येतं. पण मान्यता मिळालेलं पहिलं क्रिस्पर औषध, कॅसजेव्ही, हे अक्षर दुरुस्त करतच नाही. ते २ क्रमांकाच्या गुणसूत्रावरच्या बीसीएल११ए जनुकाचा एन्हान्सर (जनुक चालू ठेवणारा डीएनएचा तुकडा) तोडतं. बीसीएल११ए जन्मानंतर गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन, म्हणजे एचबीएफ, बंद पाडतं. त्याच्या दुसऱ्या इंट्रॉनमधल्या +५८ एन्हान्सरमध्ये गाटा-१ प्रथिन बसायची जागा आहे. ती मोडली की तांबड्या पेशींपुरतं बीसीएल११ए उतरतं आणि एचबीएफ परत चालू होतं. ते बिघडलेल्या प्रौढ हिमोग्लोबिनचं काम सांभाळतं, म्हणून हाच उपाय थॅलेसेमियालाही चालतो.

इथं अख्खं जनुक बाद करायचा मोह टाळा. रक्ताच्या मूळपेशींना आणि बी-लिम्फोसाइटना बीसीएल११ए लागतं. एन्हान्सर तोडण्यात दुसरीही सोय आहे : प्रथिनाची रीडिंग फ्रेम (अक्षरं तीन-तीननं वाचायची मांडणी) मोडायची नसल्यानं, गाटा-१ची जागा मोडणारी कुठलीही छोटी तूट किंवा भर चालते.

सुरुवात के५६२ (लॅबमध्ये वाढवता येणाऱ्या, रक्ताच्या कर्करोगाच्या) पेशींवर करावी. पुढच्या प्रतिसादात कृती देतो.

उजळाईवाडीकर

कृती, न्यूक्लिओफेक्टरच्या (विजेच्या झटक्यानं पेशींत माल घुसवणाऱ्या मशीनच्या) २० मायक्रोलिटरच्या स्ट्रिपसाठी, एका नमुन्याची :

के५६२ आरपीएमआय १६४० आणि १० टक्के एफबीएसमध्ये वाढवा. दाटी एका मिलिलिटरला २ ते १० लाखांच्या दरम्यान ठेवा. आदल्या दिवशी पातळ करून ठेवा, म्हणजे पेशी जोमात असतील. मायकोप्लाझ्माची पीसीआर चाचणी झालेली नसेल तर पुढं जाऊच नका.

आधी आरएनपी (गाइड आणि कॅस-९ची जोडी) बांधायचं. नळीत थोडं पीबीएस, त्यात १२० पिकोमोल गाइड (१०० मायक्रोमोलरचा साठा असेल तर १.२ मायक्रोलिटर). शेवटी १०० पिकोमोल कॅस-९ हळूहळू, टोकानं ढवळत. बाजारातलं कॅस-९ बहुतेक १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजे साधारण ६२ मायक्रोमोलर असतं, तेव्हा १.६ मायक्रोलिटर पुरतं. एकूण ५ मायक्रोलिटरच्या वर जाऊ नका. १० ते २० मिनिटं खोलीच्या तापमानाला ठेवा.

क्रम उलटा केला आणि कॅस-९ कमी क्षाराच्या द्रावणात आरएनएशिवाय पडलं, की ते गुठळ्या धरतं. नळीत पांढुरकं दिसलं तर ती नळी फेकायची. गाइड थोडं जास्त ठेवायचं तेही याचसाठी : मोकळं कॅस-९ उरू नये.

पेशी २ लाख. ९० जी वेगानं १० मिनिटं फिरवा, वरचं माध्यम शक्य तेवढं सगळं काढा, एसएफ बफरमध्ये मिसळा, आरएनपी घाला, एफएफ-१२० प्रोग्रॅम. लगेच ८० मायक्रोलिटर कोमट माध्यम वर सोडा, १० मिनिटं हलवू नका, मग प्लेटमध्ये. बफरमध्ये पेशी १५ मिनिटांपेक्षा जास्त थांबल्या की मरायला लागतात. म्हणून एकावेळी १६ नमुने घ्यायची हौस नको.

नियंत्रणं : झटका दिलेल्या पण आरएनपी नसलेल्या पेशी, गाइडशिवाय कॅस-९, आणि एएव्हीएस१ या निरुपद्रवी जागेचं गाइड. शेवटचं लोक गाळतात. कुठंही डीएनएचे दोन्ही धागे तुटले की पेशी काही प्रमाणात बिथरतेच. तुमच्या गाइडचा परिणाम कुठला आणि नुसत्या कापाचा कुठला, हे त्याशिवाय वेगळं करता येत नाही.

७२ तासांनी डीएनए काढा.

पेठेतला_पिपेट

भावा, कृती झकास. दोन भर घालतो.

मशीननं ‘आर्क’ची चूक दाखवली तर नव्वद टक्के वेळा बुडबुडा असतो, नाहीतर क्षार जास्त झालेला असतो. घरी शुद्ध केलेलं कॅस-९ ५०० मिलिमोलर क्षारात साठवून तसंच ओतलं की हमखास हे होतं. स्ट्रिप बाकावर हलकी आपटून बुडबुडे काढा.

आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर इन्क्युबेटरमध्ये बुरशी धरायचं मुख्य कारण माणसं नसतात, पुठ्ठे असतात. प्लास्टिकवेअरचे खोके कल्चर रूमच्या बाहेरच फोडायचे, आत फक्त पिशव्या न्यायच्या. इन्क्युबेटरच्या ट्रेमधलं पाणी दर आठवड्याला बदलायचं, तेही निर्जंतुक डिस्टिल्ड. वीज गेली की सीओटू इन्क्युबेटर तासभर तग धरतो, पण न्यूक्लिओफेक्टर प्रोग्रॅमच्या मध्येच बंद पडला तर ती स्ट्रिप गेली. त्याला यूपीएस लावा, नुसत्या जनरेटरच्या भरवशावर राहू नका. जनरेटर चालू व्हायला लागणारे दहा सेकंदच घात करतात.

बेसजोडी

प्लाझ्मिडनं (कॅस-९चं जनुक घातलेल्या गोल डीएनएनं) का नाही? आरएनपी महाग पडतं. प्लाझ्मिड एकदा मागवलं की ई. कोलायमध्ये जन्मभर वाढवा.

उजळाईवाडीकर

@बेसजोडी, नुसतं गाइड कापतं का एवढंच बघायचं तर प्लाझ्मिड चालेल. पण प्लाझ्मिडवरून कॅस-९ दिवसेंदिवस बनत राहतं. आरएनपी एक-दोन दिवसांत पेशीतून नाहीसं होतं. कात्री जितका वेळ उघडी, तितके भलते काप जास्त. शिवाय प्लाझ्मिडचे तुकडे कापाच्या जागी घुसतात. उपचाराचं बोलायचं असेल तर सुरुवातीपासून आरएनपीवरच मोजमाप करा, नाहीतर प्लाझ्मिडचे आकडे पुढं काही कामाचे राहत नाहीत.

खर्च कमी करायचा मार्ग दुसरा आहे : कॅस-९ स्वतः शुद्ध करा.

पेठेतला_पिपेट

ते जमतं. दोन्ही टोकांना न्यूक्लिअर लोकलायझेशन सिग्नल असलेलं कॅस-९, रोझेटा जातीची ई. कोलाय, ओडी ०.६ ते ०.८ झाली की १८ अंशांवर आणून आयपीटीजी ०.२ ते ०.५ मिलिमोलर, रातभर. मग निकेल कॉलम, त्यानंतर हेपारिन किंवा एसपी कॉलम, शेवटी साइझ एक्सक्लूजन. दुसरी पायरी गाळू नका, कारण कॅस-९ जीवाणूचा डीएनए-आरएनए घट्ट धरून बसतं. २६०/२८०चं गुणोत्तर ०.६च्या वर आलं तर माल स्वच्छ नाही. साठवायला २० मिलिमोलर हेपीस पीएच ७.५, १५० मिलिमोलर केसीएल, १० टक्के ग्लिसरॉल, १ मिलिमोलर टीसेप. छोट्या नळ्यांत वाटून द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवायचं आणि मायनस ८०ला ठेवायचं.

के५६२ला हे पुरतं. सीडी३४ (रक्ताच्या) मूळपेशींवर वापरायचं असेल तर एन्डोटॉक्सिन काढल्याशिवाय नको.

गाइडही टी७ने घरी बनवता येतं, पण तिथं जपून. टी७नं बनवलेल्या आरएनएच्या ५ प्राइम टोकाला तीन फॉस्फेट असतात. पेशी त्याला विषाणू समजते, विषाणू ओळखणारं रिग-आय प्रथिन जागं होतं आणि प्राथमिक पेशी पटापट मरतात. फॉस्फेटेज दिल्याशिवाय ते गाइड वापरू नये. मूळपेशींसाठी विकतचं, दोन्ही टोकांच्या तीन-तीन अक्षरांवर रासायनिक बदल केलेलं गाइडच घ्यावं. तिथं काटकसर महागात पडते.

रस्सामंडळ

एक शंका. के५६२मध्ये बीसीएल११एचा एन्हान्सर तोडून एचबीएफ किती वाढलं ते दाखवता येईल ना? बेन्झिडीननं रंगवून.

उजळाईवाडीकर

नाही, आणि ही चूक फार ठिकाणी दिसते. के५६२मध्ये गॅमा ग्लोबिन (एचबीएफचा घटक) आधीपासूनच चालू असतं आणि बीटा ग्लोबिन (प्रौढ हिमोग्लोबिनचा घटक) जवळपास नसतंच. तिथं एचबीएफ “वाढलं” म्हणण्याला अर्थ नाही. के५६२ फक्त गाइड कापतं का हे तपासायला. त्यातही ती साधारण तिप्पट गुणसूत्रांची, पी५३ नसलेली कर्करोगाची पेशी आहे. मूळपेशीत डीएनए तुटला की पी५३ बोंब ठोकतं आणि पेशी थांबते. के५६२ बिनघोर वाढत राहते. म्हणून के५६२मध्ये ९० टक्के आणि मूळपेशीत ५० असं निघालं तर दचकू नका.

एचबीएफ दाखवायचं तर हुडेप-२ (तांबड्या पेशी बनवणाऱ्या) पेशी लागतात. त्या जपानच्या रिकेनकडून करार करून मिळतात. त्यांच्यात प्रौढ हिमोग्लोबिन असतं, त्यामुळं बदल दिसतो. माध्यम : स्टेमस्पॅन एसएफईएम, एससीएफ ५० नॅनोग्रॅम, एरिथ्रोपॉयटिन ३ युनिट, डॉक्सिसायक्लिन १ मायक्रोग्रॅम, सगळं दर मिलिलिटरला, डेक्सामेथासोन १ मायक्रोमोलर. दाटी १० लाखांच्या वर गेली की आपोआप परिपक्व व्हायला लागतात आणि ती बॅच वाया जाते.

साइटोकाइन

नाळेच्या रक्तातून सीडी३४ काढून करता येईल का? प्रसूतिगृहातून संमती घेऊन, एथिक्स समितीची परवानगी घेऊन मिळू शकतं.

उजळाईवाडीकर

काप किती बसतो ते बघायला उत्तम. माध्यमात एससीएफ, टीपीओ आणि एफएलटी३ लिगँड प्रत्येकी १०० नॅनोग्रॅम, ४८ तास वाढवून मग पी३ बफर, डीझेड-१००. पण पुन्हा तोच सापळा आहे : नाळेच्या मूळपेशींपासून तांबड्या पेशी बनवल्या की त्यांच्यात एचबीएफ मुळातच जास्त असतं. संपादनाचा परिणाम त्यात बुडून जातो. एचबीएफचा दावा करायचा तर प्रौढ माणसाच्या सीडी३४च हव्यात.

गाइड_नं_१

मोजमापावर या आता. टी७ई१ करून ४५ टक्के आले तर लिहायचं का ४५?

उजळाईवाडीकर

नाही लिहायचं. टी७ई१ हे एन्झाइम वेगवेगळ्या धाग्यांची जोडी जुळत नाही तिथं कापतं. दोन्ही धाग्यांत सारखाच बदल असेल तर जोडी नीट जुळते आणि एन्झाइमला काही दिसत नाही. एखाद्या गाइडचे बरेचसे बदल एकाच प्रकारचे असतात, त्यामुळे संपादन वाढलं तरी टी७ई१ मागंच राहतं. साधारण ३० टक्क्यांच्या पुढं त्याच्यावर भिस्त ठेवू नये. आहे की नाही, एवढंच त्याला विचारावं.

त्यापेक्षा सँगर सिक्वेन्सिंग करून आइस किंवा टाइड या विश्लेषणाच्या साधनात टाका. ॲम्प्लिकॉन (पीसीआरनं वाढवलेला तुकडा) ५०० ते ८०० बेसचा आणि कापाच्या दोन्ही बाजूंना किमान २०० बेस. काप मधोमध नको, एका बाजूला असला तर जेलवरही दोन तुकडे वेगळे ओळखू येतात. जुळणीचा आर-वर्ग ०.९च्या खाली आला तर आकडा घेऊ नका, आधी क्रोमॅटोग्राम उघडून बघा. बहुतेक वेळा नियंत्रण नमुन्याचाच सिक्वेन्स खराब असतो.

अंतिम आकडा हवा तर ॲम्प्लिकॉन एनजीएस, म्हणजे तुकड्याच्या असंख्य प्रती एकदम वाचणं. साधारण २५० बेसचा तुकडा, १५० अधिक १५०चे रीड, विश्लेषण क्रिस्परेसो-२मध्ये. आणि इथंच सगळ्यात मोठी फसवणूक होते, कुणी मुद्दाम करतं असं नाही. एक हॅप्लॉइड जीनोम ३.३ पिकोग्रॅमचा. तुम्ही पीसीआरला १० नॅनोग्रॅम डीएनए घातला, म्हणजे सुमारे ३,००० प्रती. मग सिक्वेन्सिंगवाल्यानं एक लाख रीड दिले म्हणून “०.०१ टक्क्यापर्यंत भलता काप नाही” असं लिहायचं? ३,००० प्रतींत ०.०१ टक्का म्हणजे एक रेणूसुद्धा होत नाही. लाख रीड म्हणजे त्याच ३,००० प्रतींच्या झेरॉक्स.

०.१ टक्का बघायचा असेल तर किमान ५० नॅनोग्रॅम घाला. त्यात सुमारे १५,००० प्रती आणि ०.१ टक्क्याला पंधरा रेणू येतात. त्याखाली उतरायचं असेल तर डीएनए वाढवा, वेगवेगळ्या पीसीआर नळ्यांत वाटा आणि प्रत्येक रेणूला यूएमआयचा (वेगळी ओळख देणाऱ्या अक्षरांचा) शिक्का लावा. सिक्वेन्सिंगची स्वतःची चूक साधारण ०.१ टक्क्याच्या आसपास असते, म्हणून न कापलेला नमुना त्याच रनमध्ये हवाच.

पेठेतला_पिपेट

विषयाचा कंडकाच पाडला. 😀 मोठ्या तुटीबद्दलही लिहा.

उजळाईवाडीकर

होय. कापाच्या जागी कधीकधी शेकडो ते हजारो बेस गळतात. २०१८ मध्ये हे नीट समोर आलं. तुमच्या प्रायमरची जागाच गळाली तर ती प्रत पीसीआरमध्ये येतच नाही. मग उरलेल्या प्रतींवरून टक्केवारी निघते आणि नमुना खरा आहे त्यापेक्षा साळसूद दिसतो. उपाय दोन : ५ ते १० किलोबेसची लांब पीसीआर करून नॅनोपोरवर वाचणं, आणि ड्रॉपलेट डिजिटल पीसीआरनं कापाच्या दोन्ही बाजूंच्या प्रती मोजून वेगळ्या गुणसूत्रावरच्या स्थिर जनुकाशी ताडणं.

एचबीजी (गॅमा ग्लोबिन) जनुकाचा प्रमोटर कापणाऱ्यांनी तर हे आधी करावं. एचबीजी१ आणि एचबीजी२ जवळपास सारखेच आहेत, एकच गाइड दोन्हीकडे कापतं. दोन काप एकदम बसले की मधले ४.९ किलोबेस उडतात आणि त्यासोबत एक अख्खं गॅमा ग्लोबिन जनुक जातं. साध्या पीसीआरला हे दिसत नाही, उलट दोन्हीकडचे प्रायमर मिळून एक सुंदर एकच तुकडा देतात आणि माणूस खूश.

बेसजोडी

मग काप टाळा ना. बेस एडिटर (दोन्ही धागे न तोडता एकच अक्षर बदलणारं साधन) वापरा. सिकलचं जीटीजी एडेनिन बेस एडिटरनं जीसीजी करता येतं, व्हॅलिनचं ॲलानिन. त्याला मकासार प्रकार म्हणतात, तो माणसांत निसर्गतः सापडतो आणि लोक ठणठणीत असतात. दोन धागे तुटतच नाहीत.

उजळाईवाडीकर

बरोबर, पण तीन अडचणी. मूळ जीएजी त्यानं परत येत नाही, कारण टीचं ए करणं या एडिटरच्या आवाक्यात नाही. दुसरं, त्या जागेशेजारी नेहमीचा एनजीजी पॅम (कॅस-९ला जागा धरायला लागणारी अक्षरं) सोयीचा नाही, त्यामुळे वेगळा पॅम ओळखणारं बदललेलं कॅस-९ लागतं. तिसरं, एडिटरची खिडकी गाइडच्या साधारण ४ ते ८ क्रमांकाच्या अक्षरांवर असते, त्या खिडकीतली शेजारची ए अक्षरंही बदलू शकतात. म्हणजे टक्केवारीबरोबर प्रत्येक अक्षर वेगळं मोजावं लागतं. आणि दोन्ही धाग्यांची तूट अजिबात होत नाही असं नाही, कमी होते.

सूक्ष्मदर्शी

देशी एनझाइमबद्दल कुणी लिहिणार का? बिरसावाल्या तंत्रात एसपीकॅस-९ (नेहमीचं कॅस-९) नाही ना?

बेसजोडी

नाही. आयजीआयबीनं फ्रान्सिसेला नोव्हिसिडा या जीवाणूचं कॅस-९ घेऊन त्यात बदल केले, नाव ईएनएफएन-कॅस-९. कोविडमध्ये निघालेली फेलुदा चाचणी याच घराण्यातली. मूळ एफएनकॅस-९ जुळणी चुकली की सहसा कापत नाही, म्हणजे भलते काप कमी. पण ते पेशीत जरा मंद होतं, म्हणून बदल करावे लागले. हे तंत्र सीरम इन्स्टिट्यूटला दिलं आहे. आकारानं मात्र दांडगं : १,६२९ अमिनो आम्लं, एसपीकॅस-९ १,३६८. एएव्हीत (जनुक पोचवायला वापरतात त्या विषाणूत) साधारण ४.७ किलोबेस मावतात, तिथं एसपीकॅस-९च कसंबसं बसतं. आरएनपीनं द्यायचं तर आकाराचा प्रश्न नाही.

साइटोकाइन

भलत्या कापांचा शोध नेमका कसा लावायचा? क्रमानं सांगा.

उजळाईवाडीकर

आधी संगणकावर. कॅस-ऑफाइंडरमध्ये ४ पर्यंत चुका आणि एक फुगवटा (एखादं अक्षर जास्त किंवा कमी) धरून यादी काढा. त्यानंतर नळीत : सर्कल-सीक किंवा चेंज-सीक, म्हणजे पेशीबाहेर काढलेल्या डीएनएवर आरएनपी सोडून कुठं कुठं कापतं ते बघणं. यादी लांबलचक येते, घाबरू नका, नळीत गुणसूत्रांची आवरणं नसतात. गाइड-सीक प्रत्यक्ष पेशीत होतं, पण त्यातला दुहेरी धाग्याचा तुकडा मूळपेशींना सोसत नाही. ते के५६२सारख्या पेशींत करावं. तिन्हींची बेरीज करून ३०-४० जागांचं पॅनेल बनवा आणि उपचाराच्या पेशींत त्या जागा खोल सिक्वेन्स करा.

आता कोल्हापुरात बसून, एकही रसायन न उघडता करता येण्याजोगं काम. संदर्भ जीनोम प्रत्येक जागी एकच आवृत्ती धरून चालतो. पण लोकांच्या डीएनएत फरक असतात आणि एखादा फरक नेमका नवीन पॅम तयार करतो. बीसीएल११ए +५८च्याच गाइडबाबत हे दाखवलं गेलंय : आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळणारा आरएस११४५१८४५२ हा बदल सीपीएस१ जनुकाच्या इंट्रॉनमध्ये एनजीजी पॅम तयार करतो. संदर्भ जीनोमवर शोधलं तर ही जागा यादीत येतच नाही. क्रिस्परमी हे मोफत साधन असे बदल धरून शोध घेतं.

आपल्या लोकांसाठी हे काम कमी झालंय. इंडिजेन या भारतीय प्रकल्पात १,०२९ जणांचे जीनोम आहेत. जीनोमइंडियाचे सुमारे १०,००० जीनोम जानेवारी २०२५ मध्ये फरीदाबादच्या डेटा सेंटरमार्फत संशोधकांना खुले झाले. एक चांगला डेस्कटॉप, ६४ जीबी रॅम, दोन-तीन गाइड आणि भारतीय बदलांची व्हीसीएफ फाइल. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला याहून नेमका विषय मला सुचत नाही. पुढं ज्या जागा निघतील त्या के५६२मध्ये तपासून काही मिळणार नाही, कारण के५६२ एकाच रुग्णाची पेशी आहे. तो बदल असलेल्या माणसाच्या पेशीच लागतील.

रस्सामंडळ

सीपीएस१ म्हणजे २०२५ मध्ये अमेरिकेत एका बाळाला बेस एडिटिंग दिलं तेच जनुक ना?

बेसजोडी

तेच. तिथं मात्र तेच दुरुस्त करायचं होतं. एडिटरचा एमआरएनए आणि गाइड चरबीच्या नॅनोकणांत भरून शिरेतून दिलं, ते यकृतात गेलं. नॅनोकण यकृताकडे धावतात म्हणूनच ते सोपं, रक्ताच्या मूळपेशींपर्यंत अजून तितके पोचत नाहीत. आणि यकृताचा मार्गही निर्धोक नाही : ऑक्टोबर २०२५ मध्ये एका कंपनीच्या ट्रान्सथायरेटिन या यकृतातल्या प्रथिनावरच्या चाचणीत यकृताला गंभीर इजा दिसल्यावर चाचण्या थांबवाव्या लागल्या.

शाहूपुरी_पाचवी_गल्ली

सगळं वाचलं. लॅबवाला नाही, पण थॅलेसेमिया मुलांच्या पालकांच्या एका ग्रुपमध्ये आहे. तिथं लोक विचारतात, हे औषध कधी मिळणार, पैसे जमवायला सुरुवात करू का. काय सांगू?

उजळाईवाडीकर

सरळ सांगा. कॅसजेव्हीला ब्रिटनमध्ये १६ नोव्हेंबर २०२३ला, अमेरिकेत सिकलसेलसाठी ८ डिसेंबर २०२३ला आणि थॅलेसेमियासाठी जानेवारी २०२४ मध्ये मान्यता मिळाली. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. पैसे साठवून गाठण्याजोगा आकडा नाही.

आणि हे एक इंजेक्शन नाही. आधी औषध देऊन मूळपेशी रक्तात उतरवतात. सिकलच्या रुग्णाला त्यासाठी जी-सीएसएफ हे नेहमीचं औषध देत नाहीत, जिवावरचा झटका येऊ शकतो. फक्त प्लेरिक्साफॉर देतात, आणि पुरेशा पेशींसाठी ॲफेरेसिस एकाहून जास्त वेळा करावं लागतं. पेशी कारखान्यात संपादित होऊन यायला महिने लागतात. मग ब्युसल्फान या केमोच्या औषधानं जुनी मज्जा रिकामी करतात, त्यानं केस जातात, तोंडात फोड येतात, पुढं मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. प्रत्येक किलो वजनामागं किमान ३० लाख सीडी३४ पेशी देतात. अमेरिकेतल्या मान्यतेवेळी तपासता आलेल्या ३१ सिकल रुग्णांपैकी २९ जणांना किमान वर्षभर तीव्र वेदनेचा झटका आला नाही. निकाल चांगला आहे, वाट खडतर आहे.

पालकांनी आज करायचं ते वेगळं. सख्ख्या भावंडाशी एचएलए (प्रत्यारोपणासाठी जुळावा लागणारा पेशींचा प्रकार) जुळवून बघा, प्रत्येक भावंडाला जुळण्याची शक्यता चारात एक. जुळलं तर अस्थिमज्जा प्रत्यारोपण हाच आज हाताशी असलेला उपाय, आणि थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून निवडक रुग्णालयांत त्यासाठी १० लाखांपर्यंत मदत मिळते. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा तुमच्या डॉक्टरांकडे विचारा. आणि जाहिरात करून “स्टेम सेल”नं थॅलेसेमिया बरा करतो म्हणणाऱ्यांच्या दारात जाऊ नका.

शाहूपुरी_पाचवी_गल्ली

आभारी आहे दादा. ग्रुपवर असंच टाकतो.

गाइड_नं_१

परवानग्यांचं काय? गाइड ठरवून लगेच चालू करता येतं का?

सूक्ष्मदर्शी

संस्थेची आयबीएससी (जैवसुरक्षा समिती) आधी. के५६२वर काम असलं तरी प्रकल्प तिच्यापुढं मांडायचा, ई. कोलायमध्ये कॅस-९ बनवणार असाल तर तेही त्यात लिहायचं. माणसाचे नमुने असले की एथिक्स समिती. रुग्णाला देण्याचा विषय आला की आरसीजीएम, जीटीएईसी (केंद्राच्या समित्या) आणि सीडीएससीओ (औषध नियामक). आयसीएमआरची २०१९ची जनुक उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं वाचून काढा. अंडपेशी, शुक्राणू किंवा गर्भात संपादन करून मूल जन्माला घालणं भारतात चालत नाही, त्यावर चर्चाच नको.

पेठेतला_पिपेट

शेवटचं, माल मागवण्याबद्दल, कारण तिथं पैसे बुडतात.

सुकवलेलं गाइड साध्या कुरिअरनं आलं तरी चालतं. आल्यावर न्यूक्लिएज नसलेल्या बफरमध्ये विरघळवा, छोट्या नळ्यांत वाटा, मायनस ८०. विकतचं कॅस-९ बहुधा ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये असतं, ते मायनस २०ला गोठत नाही, म्हणून ठेवायला सोपं. पण घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीजर नको, तो बर्फ वितळवायला मधूनमधून गरम होतो. पुण्याहून येणारा माल सुमारे २३० किलोमीटर; सोमवारी-मंगळवारीच निघायला सांगा, शुक्रवारी निघालेला खोका रविवारभर गोदामात उकडतो. खोका उघडला की आधी आतल्या कोरड्या बर्फाचा फोटो काढा. बर्फ संपलेला असेल तर पावतीवर तसं लिहून मगच सही.

द्रवरूप नायट्रोजनला इथं अडचण नाही, दूध संघांना आणि पशुवैद्यकांना कृत्रिम रेतनाच्या कांड्यांसाठी तो लागतोच, त्यामुळे पुरवठादार आहेत. कोरडा बर्फ मात्र आधी सांगून ठेवावा लागतो. दोन्हींचा कंटेनर गाडीत नेताना काचा उघड्या ठेवा आणि झाकण कधी घट्ट दाबून बंद करू नका.